पत्र्याची मशीनगन आणि मराठा पलटण

आमच्या अंतरवाली सराटीहून जालन्याला आलं, की पोलादाचे कारखाने दिसतात. लोखंड कसं घडवायचं, यावरच मालाची किंमत ठरते, हे तिथल्या कामगाराला सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने हाच हिशेब मशीनगनला लावला आणि त्याची झळ इटलीत आपल्या मराठा पलटणींना सोसावी लागली.

पहिल्या महायुद्धातली जर्मन मशीनगन जड होती. तिची नळी पाण्याने थंड ठेवावी लागे. पुढे १९३४ च्या सुमारास एमजी ३४ आली. ही हवेने थंड होणारी. जमिनीवर दोन पायांवर टेकवली की हलकी मशीनगन, तिपाईवर बसवली की भारी. बंदूक उत्तम; पण तिचे भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावे लागत. त्यात वेळ आणि पैसा, दोन्ही फार जाई.

उपाय सापडला तो कंदील आणि पत्र्याच्या वस्तू बनवणाऱ्या ग्रोसफुस कारखान्यात. तिथले अभियंते वेर्नर ग्रुनर यांनी पत्रा साच्यात दाबून, वेल्डिंगने जोडून बंदुकीचा सांगाडा केला. तीच १९४२ ची एमजी ४२. स्वस्त, झटपट तयार होणारी आणि मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडणारी. म्हणजे सेकंदाला वीस! आपल्या जवानांकडची ब्रेन गन मिनिटाला पाचशेच्या आसपास गोळ्या झाडी. अर्थात, एमजी ४२ ची भूकही तशीच. पन्नास गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत संपे. नळी लाल होई, म्हणून ती काही सेकंदांत बदलण्याची सोय ठेवलेली होती. गोळ्या वाहायला मात्र माणसं लागत. जर्मन तुकडीची सारी रचनाच या बंदुकीभोवती असे.

इटलीतल्या जर्मन मोर्चांवर अशा मशीनगन होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. माणगाव तालुक्यातले हे बावीस वर्षांचे नाईक एकटेच पुढे धावले. हातगोळ्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. तिथेच शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून त्यांना वीरमरण आलं.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग परत जाऊन, हाताला जखम झालेली असताना, तीन मशीनगन मोर्चे उडवले. नंतर बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष करत त्यांनी मागच्या जवानांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना मरणोत्तर.

युद्ध संपलं, पण ती बंदूक संपली नाही. तिचीच सुधारलेली एमजी ३ जर्मन सैन्याने अनेक दशकं वापरली. कानपूरला बनलेल्या आपल्या मध्यम मशीनगनचा मूळ नमुना बेल्जियमचा; त्यात गोळ्यांचा पट्टा ओढण्याची यंत्रणा एमजी ४२ वरूनच घेतलेली आहे. भरतीसाठी पहाटे गावच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलांनी हे जरूर समजून घ्यावं. उद्या ज्या बंदुकीमागे त्यांना झोपायचं आहे, तिच्या पूर्वजासमोर घाडगे आणि जाधव उभे राहिले होते.