विद्यार्थी, वसतिगृह आणि मद्य : वाराणसीच्या निमित्ताने



वाराणसी शहराच्या दक्षिण टोकाला, लंका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, काशी हिंदू विद्यापीठाचे सिंहद्वार आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अविश्रांत प्रयत्नांतून १९१६ साली उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचा मुख्य परिसर सुमारे १,३०० एकरांचा असून त्याच्या वसतिगृहांत हजारो विद्यार्थी वास्तव्य करतात. पूर्वांचलातील खेड्यांतून, बिहारमधून आणि देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून आलेली ही मुले बहुधा आयुष्यात प्रथमच आईवडिलांच्या नजरेआड राहत असतात. त्याच परिसरात सर सुंदरलाल रुग्णालय आहे. तेथे वैद्यकीय विज्ञान संस्थेचे तज्ज्ञ आणि मानसोपचार विभाग आहे. अत्यवस्थ रुग्णाला जे साहाय्य लागते, ते येथे काही मिनिटांच्या अंतरावर उपलब्ध आहे. तरीही मध्यरात्री वसतिगृहाच्या खोलीत एखादा विद्यार्थी मद्यपानाने निश्चेष्ट पडला, तर त्याचे सोबती त्याला या रुग्णालयात नेतील काय, हा कोणत्याही विद्यापीठाने स्वतःला विचारावा असा प्रश्न आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

मादक पदार्थांविषयीची काशीची वृत्ती एकेरी नाही. या नगरीचा कोतवाल मानल्या जाणाऱ्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखविला जातो. महाशिवरात्रीला आणि होळीला भांगमिश्रित ठंडाई घेणे हा येथील लोकाचाराचा भाग आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली, परंतु भांगेच्या पानांना त्यातून वगळले. त्यामुळे उत्तर प्रदेशात भांग आजही सरकारी परवान्याच्या दुकानांत विकली जाते. दुसरीकडे, याच नगरीच्या उशाशी सारनाथ आहे. तेथे धर्मचक्रप्रवर्तन करणाऱ्या भगवान बुद्धांच्या पंचशीलातील पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. वैष्णव आणि जैन परंपरांनीही येथे मद्य निषिद्धच मानले. अशा नगरीत येणाऱ्या तरुणाला अनुमती आणि निषेध हे दोन्ही स्वर एकाच वेळी ऐकू येतात. मद्य शरीरात गेल्यावर नेमके काय करते, एवढे मात्र त्याला सहसा कोणी समजावून सांगत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहणे इष्ट ठरेल. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांचे मद्यपान त्यांना साहाय्याची गरज भासावी इतके घातक पातळीला पोहोचलेले होते. मद्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ व्यक्तींपैकी जेमतेम एकीला कोणता ना कोणता उपचार मिळालेला होता.

या आकड्यांचा अर्थ दोन बाजूंनी लावावा लागतो. पीडितांची संख्या भयावह आहे, हे खरेच. पण शंभरातील ८५ भारतीय मद्याला स्पर्शही करीत नाहीत, हेही तितकेच खरे. वसतिगृहात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला नेमके याच्या उलट वाटत असते. ‘सगळेच घेतात’ हे वाक्य त्याला पहिल्याच आठवड्यात ऐकविले जाते. अमेरिकेतील पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ साली असे दाखवून दिले होते की, आपले सहाध्यायी मद्याबाबत जेवढे सैल आहेत असे विद्यार्थ्यांना वाटते, तेवढे ते प्रत्यक्षात नसतात. गोंगाट करणारे चौघे सर्वांना दिसतात. खोलीत शांतपणे वाचीत बसलेले चाळीस कोणाच्या लक्षात येत नाहीत. या भ्रमामुळे पुष्कळ मुले केवळ वेगळे पडू नये म्हणून पेला हाती घेतात. विद्यार्थ्यांना त्यांच्याच महाविद्यालयातील खरी स्थिती कळू देणे, ही मद्यशिक्षणाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी मोजमापाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यवहारात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल हे एक प्रमाण-माप धरले जाते. भारतात व्हिस्की, रम आदी मद्यांत अल्कोहोलचे प्रमाण साधारणतः ४२.८ टक्के असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगात एक माप येते. ‘क्वार्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत अशी सहा मापे असतात. बिअर म्हणजे निरुपद्रवी पेय, अशी तरुणांची समजूत असते. परंतु आठ टक्के अल्कोहोल असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार मापे भरतात. यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलच बाहेर टाकू शकते. हा वेग काळ्या कॉफीने, लिंबाच्या पाण्याने किंवा थंड पाण्याच्या आंघोळीने वाढत नाही. रात्री अकरा वाजता ‘क्वार्टर’ रिचविणाऱ्याचे रक्त पहाटे पाच वाजताही निर्मळ झालेले नसते, आणि त्याच अवस्थेत तो मोटारसायकलला किक मारतो किंवा गंगेच्या पाण्यात उतरतो. वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो मोटार वाहन कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. घाटाच्या निसरड्या पायऱ्यांना आणि नदीच्या ओढीला मात्र कोणताच कायदा ठाऊक नसतो.

वाराणसीच्या संदर्भात भांग आणि मद्य यांच्या मिश्रणाचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. पोटात घेतलेल्या भांगेचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही चढू लागतो. ‘काहीच झाले नाही’ असे समजून तरुण दुसरा पेला घेतो, वर मद्यही घेतो, आणि मग दोन्हींचा प्रभाव एकाच वेळी त्याच्यावर कोसळतो. झोपेच्या गोळ्यांसह घेतलेले मद्य तर याहूनही घातक, कारण दोन्ही पदार्थ श्वसन मंदावतात.

स्वस्त आणि चोरट्या दारूचा धोका आणखी निराळा. शेजारच्या बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तेथील सारण जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये विषारी दारूने अनेकांचे बळी घेतले. बंदी नसलेल्या ठिकाणीही हे घडतेच. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे अशीच दगावली. अशा दारूतील मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक अॅसिड बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. फसगत होते ती अशी की, आरंभीची नशा नेहमीसारखीच वाटते. पोटदुखी, उलट्या आणि दृष्टी अंधूक होणे ही लक्षणे बहुधा दुसऱ्या दिवशी उमटतात. वेळीच रुग्णालय गाठले तर प्राण आणि दृष्टी दोन्ही वाचविण्याचे उपाय आहेत. ‘उतरेल आपोआप’ म्हणून वाट पाहिली तर ते हातचे जातात.

आता आरंभीच्या खोलीकडे परत येऊ. परीक्षा संपल्या आहेत. चार मित्रांपैकी एकाने भरभर पुष्कळ मद्य घेतले आणि तो पलंगावर आडवा झाला. ‘झोपू द्या त्याला’ असे म्हणून इतर तिघे निघून जातात. त्यांच्या मनात दुष्टावा नसतो. नशा झोपेने उतरते, ही सार्वत्रिक समजूत त्यांच्या मनात असते. वास्तविक, शेवटच्या पेल्यातील अल्कोहोल पोटातून रक्तात उतरत असते आणि झोपलेल्या माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण काही काळ वाढतच राहते. तो उताणा असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत शिरते आणि माणूस गुदमरून मरतो. हाक मारून वा चिमटा काढूनही जाग न येणे, श्वास मिनिटाला आठांहून कमी होणे, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून अधिक खंड पडणे, अंग गार पडणे, ओठ निळसर दिसणे ही मृत्यूच्या जवळिकीची चिन्हे होत. यांपैकी एकही दिसल्यास त्याला कुशीवर वळवावे, क्षणभरही एकटे सोडू नये, जबरदस्तीने उलटी करवू नये, तोंडात दही वा पाणी घालू नये, आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ साहाय्य मागावे. एवढे ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्याला असेल तर तो स्वतः मद्य घेवो न घेवो, एखाद्याचा जीव तो वाचवू शकेल.

परंतु केवळ ज्ञान पुरेसे नाही. त्या तिघांना चिन्हे ओळखता आली तरी त्यांच्यापुढे वॉर्डनचा चेहरा उभा राहतो. उत्तर प्रदेशात २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकण्यास कायद्याची मनाई आहे, आणि पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी याहून लहान असतात. वसतिगृहातून हकालपट्टी, शिष्यवृत्ती जाणे, घरी पत्र जाणे या भयाने तरुण दूरध्वनी उचलीत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर लोकापवादाची भर पडते. शिस्तीसाठी केलेला नियम अशा रीतीने जिवावर उठतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली यावर एक तोड काढली. मद्यबाधा झालेल्या सोबत्यासाठी जो साहाय्य मागेल त्याच्यावर आणि त्या रुग्णावर शिस्तभंगाची कारवाई करायची नाही, मात्र रुग्णाने नंतर समुपदेशकाची भेट घ्यायची, असा नियम तेथे झाला. त्यानंतरच्या दोन वर्षांत साहाय्यासाठी येणाऱ्या हाका वाढल्या. मद्यपानाचे प्रमाण मात्र वाढल्याचे आढळले नाही.

अशा उपायांमुळे मद्याला मूकसंमती मिळते, असा आक्षेप घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काशी ही निग्रहाची परंपरा असलेली नगरी आहे. १० फेब्रुवारी १९२१ रोजी येथे महात्मा गांधींच्या हस्ते काशी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, त्या असहकार पर्वात दारूच्या गुत्त्यांवरील निदर्शने हा राष्ट्रकार्याचाच भाग होता. महाराष्ट्रातही महात्मा फुले यांनी १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे आवाज उठविला होता, आणि १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने झालेल्या मद्यनिषेधाच्या चळवळीत पुण्याचे विद्यार्थी गुत्त्यांसमोर उभे राहिले होते. हा वारसा टाकून द्यावा असे कोणी म्हणत नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली स्पष्ट केले आहे. ज्याने पेला हाती घेतलेला नाही, त्याला तो न घेण्याचेच बळ दिले पाहिजे. परंतु ज्याने घेतला आहे, त्याच्या जिवाची किंमत त्यामुळे कमी होत नाही. हानी कमी करण्याचा विचार मद्याची भलामण करीत नाही. चुकलेल्या माणसाला सुधारण्याइतके आयुष्य मिळावे, एवढेच तो पाहतो.

अशा सुधारणेचा मार्ग संवादाचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील अॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी केवळ दोन भेटींची एक पद्धती विकसित केली. पहिल्या भेटीत विद्यार्थी आपण किती, केव्हा आणि का घेतो, याची नोंद करतो. दुसऱ्या भेटीत त्याचेच आकडे त्याच्यापुढे ठेवले जातात. उपदेश नाही, धमकी नाही; निर्णय त्याचा त्यानेच करायचा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसनी माणसाकडे अपराधी म्हणून न पाहता आजारी माणूस म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी समाजात रुजविली. वाराणसीत याच दिशेने एक पाऊल जुलै २०२५ मध्ये पडले. तेथील रुद्राक्ष सभागृहात भरलेल्या युवा आध्यात्मिक संमेलनात ‘काशी घोषणापत्र’ स्वीकारण्यात आले आणि व्यसन हा सार्वजनिक आरोग्याचा आणि समाजाचा बहुमुखी प्रश्न असल्याचे त्यात मान्य केले गेले.

घोषणापत्राचे मोल मात्र वसतिगृहाच्या व्हरांड्यात ठरेल. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक मजल्यावर धोक्याची चिन्हे आणि साहाय्याचे क्रमांक लावलेले असावेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक त्यांत असावेत. होळी आणि शिवरात्र यांच्या आदल्या आठवड्यात वरिष्ठ विद्यार्थ्यांनीच कनिष्ठांशी बोलावे. संध्याकाळी खेळाची मैदाने आणि ग्रंथालये उघडी असावीत, कारण रिकाम्या संध्याकाळी मद्याला आपोआप वाट करून देतात. आणि मदत मागणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हे कुलगुरूंच्या सहीने लेखी सांगितले जावे.

हे घडले तर त्या रात्री ते तिघे मित्र दार ओढून निघून जाणार नाहीत. एकजण सोबत्याला कुशीवर वळवून त्याच्यापाशी बसेल, दुसरा दूरध्वनी करील आणि तिसरा वॉर्डनला उठवायला धावेल. सकाळी तो मुलगा रुग्णालयात डोळे उघडील. त्याला काय सांगायचे ते नंतर सांगता येईल; सांगण्यासाठी तो असला पाहिजे.