निदान : शब्द आणि शोध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शब्दाचा अर्थ सांगण्यापूर्वी तो कोठून आला हे विचारीत. त्याच वाटेने मी आज ‘निदान’ या शब्दाविषयी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, भाषेचा अध्यापक. परंतु पचनमार्गातील, कारण न सापडणाऱ्या रक्तस्रावाचे निदान आमच्या घरात जवळून पाहिले आणि त्यात भाषेचा वाटा केवढा असतो हे ध्यानात आले.

संस्कृतात निदान म्हणजे मूळ कारण. चरकसंहितेत ‘निदानस्थान’ हा स्वतंत्र विभाग असून त्याचा दुसरा अध्याय रक्तपित्ताचा आहे. वरच्या मार्गाने जाणारे रक्तपित्त साध्य, खालच्या मार्गाने जाणारे याप्य आणि दोन्ही मार्गांनी जाणारे असाध्य, अशी तेथे विभागणी आहे. सिद्धिस्थानात तर एक परीक्षाही सांगितली आहे : पडलेल्या द्रवात पांढरे वस्त्र भिजवून वाळवावे व कोमट पाण्याने धुवावे, डाग राहिला तर पित्त, वस्त्र स्वच्छ झाले तर शुद्ध रक्त. ही परीक्षा आज कोणी करीत नाही. परंतु हे रक्तच आहे काय आणि ते कोठून येते, हे तिच्यामागचे दोन प्रश्न आजही पहिलेच आहेत.

रक्ताची उलटी झाली की घर हादरते. लपून झिरपणारे रक्त मात्र कोणास दिसत नाही. एका मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. रोज चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर रक्त गेले, तर अडीच मिलिग्रॅम लोह जाते. आणि अन्नातून आतडे रोज साधारण एक ते दोन मिलिग्रॅमच शोषून घेते. हा तोट्याचा जमाखर्च महिनोन्‌महिने चालला की माणूस फिका पडतो, जिना चढताना धापा टाकतो, आणि आपण म्हणतो, ‘वय झाले.’

यामागची कारणे अनेक : जठरातील व्रण, सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या, अंकुशकृमी, आतड्याचा क्षय, कर्करोग, किंवा फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. म्हणून डॉक्टर प्रथम तोंडावाटे व नंतर गुदद्वारावाटे दुर्बीण घालून पाहतात. बहुतेकांचे कारण येथेच सापडते. सुमारे शंभरात पाच जणांच्या बाबतीत मात्र रक्त मधल्या लहान आतड्यातून येत असते. सहा मीटरांच्या आसपास लांबीच्या त्या वेटोळ्यात नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही. इस्रायली अभियंते गॅव्रिएल इद्दान यांच्या कल्पनेतून निघालेली, गिळता येणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल २००१ पासून रुग्णांसाठी वापरात आली. ती सुमारे आठ तास छायाचित्रे घेत आतड्यातून पुढे सरकते. क्षयाने आतडे अरुंद झाले असेल तर ती अडकू शकते. म्हणून आधी बारकाईने चौकशी करावी लागते. जपानचे यामामोतो यांनी विकसित केलेल्या फुग्यांच्या दुर्बिणीने तर लहान आतड्यात खोल शिरून उपचारही करता येतो.

माझ्या थोरल्या बंधूंचे हिमोग्लोबिन सहावर आले होते. दोन्ही दुर्बिणींत काही निघाले नाही. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या गोळ्यांनी शौच काळे होतेच. तेव्हा त्या रंगाकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारले, ‘काळे आधी झाले, की गोळ्या आधी सुरू झाल्या?’ दादा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘काळे आधी. दोन महिने तरी आधी.’ डांबरासारखे चिकट, काळे शौच म्हणजे पचलेले रक्त. ही गोष्ट त्यांनी वहिनींनाही सांगितली नव्हती. कॅप्सूलमध्ये लहान आतड्यातील फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या, आणि दुसऱ्या शहरात त्या डागून बंद करण्यात आल्या. असा स्राव पुन्हा होऊ शकतो, म्हणून त्यांचे रक्त अजून नियमित तपासले जाते.

दादांसारखा काटेकोर मनुष्य गप्प का राहिला? आपल्या सुसंस्कृत मराठीत मळाविषयी बोलणे अशिष्ट मानले जाते. ‘परसाकडे’ म्हणायचे आणि विषय मिटवायचा. ग्वाल्हेरात त्यात आणखी एक अडचण. आपण घरी मराठीत कण्हतो, डॉक्टरांना हिंदीत ‘कमजोरी’ सांगतो आणि तपासणीचा कागद इंग्रजीत वाचतो. या तीन भाषांच्या सांध्यांतून नेमकी महत्त्वाची गोष्ट निसटते. या नगरात १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आपल्यापासून दूर नाहीत. परंतु यंत्राने कोठे पाहावे, हे रुग्णाच्या शब्दांवाचून त्यांना कसे कळावे?

मराठीने ‘निदान’ या शब्दाला आणखी एक अर्थ दिला : किमान, एवढे तरी. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना निदान एवढे विचारा : थकवा कधीपासून, गोळ्या कोणत्या, शौचाचा रंग कसा? आणि वडीलधाऱ्यांनी निदान खरे उत्तर द्यावे. गुरुजींनी आपल्याला स्वच्छ बोलायला शिकविले. ते केवळ वक्तृत्वस्पर्धेसाठी नव्हते.