चारही खूर सारखे

घरातले लाटणे हातात घ्या आणि त्याच्या दोन्ही मुठी ताडून पाहा. थोडा फरक सापडेल. पण पोळी लाटताना तो कोणाच्या ध्यानात येत नाही. बाजेच्या खुरांचे तसे नाही. ते चार भाऊ एकाच खोलीत उभे. त्यांतला एक वेगळा निघाला, तर पाहुणा टेकण्याआधीच तो पाहतो. शिवाय चौथा खूर बिघडला की आधीचे तीन अडून बसतात, लाकडाचे पैसे जातात ते निराळेच.

श्रोतेहो, लाकूड फिरते ठेवून त्याला धार लावायची आणि गोल घडवायचे, ते कातकाम. करणारा तो कातारी. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत खेळणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. जुन्या रीतीत एकाने दोरी ओढायची नि दुसऱ्याने हत्यार धरायचे. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरे. कापायचे ते पुढच्या फेऱ्यालाच. आता मोटार लावली की लेथ एकाच दिशेने गरगर फिरते. श्रम वाचले, पण दुसरा नग पहिल्यासारखा करायची अडचण होती तिथेच आहे.

शिकाऊ मुलाला पहिला खूर सोपा जातो. हत्यार जाईल तीच नक्षी! दुसऱ्या खुराला ती मोकळीक नाही. इथे मूल हिरमुसते आणि शिकवणारा म्हणतो, “ह्याच्या नजरेत मापच नाही.” शिक्षकबंधूंनो, हे निदान मला मुळीच मान्य नाही. ह्या एका वाक्याने कितीतरी मुलांचे हात कामापासून सुटले असतील. नजर ताडून पाहण्यासाठी असते. मोजायचे काम पट्टीकडे द्यावे.

ही पट्टी म्हणजे खुराएवढी लांब, पातळ लाकडी चीप. पहिला खूर तिच्या शेजारी ठेवायचा. मणी कुठे सुरू होतो, कुठे संपतो, गळा सर्वांत खोल कुठे, तिथे तिथे रेघ ओढायची आणि रेघेपाशी त्या जागेची जाडी लिहायची. मग दुसरे लाकूड लेथवर चढवून आधी नुसते सरळ गोल करावे. पट्टी जवळ धरून फिरत्या लाकडाला पेन्सिल टेकवली की सभोवार रेघ उमटते. त्या रेघांवर अरुंद पटाशीने खोली घ्यावी, लेथ थांबवून कॅलिपरने जाडी पाहावी. सगळ्या खोल्या झाल्या म्हणजे मगच मधली वळणे. घाईची मुले वळणापासून आरंभ करतात. तिथेच गाडे चुकते. कारखान्यातल्या नक्कल करणाऱ्या लेथमध्ये नमुन्यावरून सरकणारे टोक हत्याराला वाट दाखवते. आपली पट्टी तेच काम करते, फक्त पै-पैशात.

आता एक गंमत. सुतारांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. एका खुराची जाडी अर्धे सूत कमी असली तर सहसा कळत नाही. पण मणी एक सूत वर सरकला, तर लगेच खटकतो. दोन खुरांमधून आपली नजर आपोआप आडवी रेघ ओढत असते, आणि ती रेघ मोडते. म्हणून उंचीच्या जागा आधी सांभाळाव्यात, जाडी मागून. कडाही जपाव्यात, सँडपेपर फार घासला तर मण्याची धार बोथट होते, आणि प्रत्येक खुराची निराळी बोथट होते.

लाकडाचीही खोड ध्यानात घ्यावी. ओले लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जास्त आकसते. आज गोल उतरलेला खूर उन्हाळ्यात अंडाकृती होतो, आणि दोष बिचाऱ्या मुलाच्या माथी बसतो. चारही तुकडे वाळलेले आणि शक्यतो एकाच ओंडक्यातले असावेत. सैल बाही मात्र आधी वर खोचावी. फिरते लाकूड कापड ओढून घेते.

काम झाले की चारही खूर ओळीने उभे करा, दहा पावले मागे जा आणि डोळे किलकिले करून पाहा. चार हातांनी घडवलेले आहेत, तेव्हा एखादा किंचित निराळा दिसेलच. तो भिंतीकडच्या कोपऱ्याला लावावा. जाणते कारागीरही तेच करतात.