प्रदर्शनातली शेवंती



कृषी महाविद्यालयात आम्ही प्रदर्शनासाठी उशिरा फुलणारी शेवंती कुंड्यांत वाढवायचो. शेंडा खुडायचा, दोन-तीन फांद्या ठेवायच्या, फांदीला एकच कळी. बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच नखाने काढायच्या. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. आपली गावरान ज्वारी तशीच. पेर मागेपुढे झाली तरी निसवायची वेळ फारशी हलत नाही. एक कुंडी वसतिगृहाच्या दिव्याखाली राहिली. तिला कळीच आली नाही.

परीक्षकांनी पाकळ्या पाहिल्या, बक्षीस दिले. शेणखत, काठ्या, चार महिन्यांची राबणूक, याचा खर्च किती, हे कोणी विचारले नाही. आम्हीही लिहिला नव्हता. फुकटची पोरे होतो ना!

पुढे कपाशीच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर उभे राहून आम्हीच तुम्हाला बोंडे मोजून दाखवली. पाणी, खत, फवारणी सगळे दुसऱ्याच्या खर्चाने. तो खर्च तुमच्यापुढे मांडला नाही, ही आमची चूक. आता प्रदर्शनात बोंडे जरूर मोजा, पण आधी विचारा : एकरी खर्च किती, आणि क्विंटलला भाव काय धरला? उत्तर मिळेपर्यंत मांडवातून हलायचे नाही.