ग्रहणाने दाखवलेली हवा



 आकाशमित्रांच्या या संमेलनात अध्यक्षाने साऱ्या शास्त्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, पण ती आज मी बाजूला ठेवतो. मला बोलायचे आहे ते ग्रहणांविषयी आणि ग्रहणांमुळे कळलेल्या वातावरणांविषयी.

18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. चंद्राने सूर्यबिंब झाकले आणि कडेने उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट पाहायला मिळाला. त्यात तेजस्वी रेषा होत्या, म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी जान्सेन यांनी ग्रहण नसताना, लख्ख उन्हात त्याच रेषा पुन्हा पाहिल्या. 20 ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेला लागून होती, पण सोडियमची नव्हती. ती ज्या मूलद्रव्याची, त्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो वायू हाती लागायला 1895 साल उजाडले. विल्यम रॅम्झी यांनी तो युरेनियमच्या एका खनिजातून मिळवला.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याची खूण म्हणून दाखवतात. लॉकियर विजयदुर्गावर आले होते हे खरेच आहे, पण ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. 1868 मध्ये ते इंग्लंडातच होते. हे ठासून सांगतो, कारण 1898 ची हकीकत आपण पार विसरलो आहोत आणि ती कमी तोलामोलाची नाही. त्या दिवशी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाही तळ तिथेच पडला होता. विदर्भातल्या तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाची दूरवर गेलेली शलाका टिपली. कोकणापासून विदर्भापर्यंत आपल्या भूमीवर एका दुपारी इतके काम झाले. नायगमवालांचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

झाकले जाण्यातून वातावरण कळते, हे सूत्र सूर्यापुरते नाही. चंद्राच्या अंधाऱ्या कडेने रोहिणीचे पिधान होताना पाहा. तारा मंदावत नाही, क्षणात नाहीसा होतो, कारण चंद्राला वातावरण जवळजवळ नाहीच. शुक्राचे तसे नाही. 1761 च्या अधिक्रमणात, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून जाताना, तो सूर्याच्या कडेशी असताना त्याच्याभोवती प्रकाशाची किनार दिसली, आणि शुक्राला दाट वातावरण असल्याचा निष्कर्ष रशियाचे लोमोनोसोव्ह यांनी काढला. ते किती दाट, हे पुढे यानांनी मोजले. तिथल्या पृष्ठभागावरचा दाब आपल्या सुमारे 90 पट आहे. 10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला. वातावरण तपासायला बसलेल्या निरीक्षकांना तारा पिधानाआधी आणि नंतर पुन्हापुन्हा मंदावताना दिसला, आणि युरेनसची कडी सापडली. ते पिधान तमिळनाडूतल्या कावलूरहूनही पाहिले गेले. आणि 2018 मध्ये दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वास्प-107बी या ग्रहाच्या वातावरणात हेलियम सापडला. तो ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जात असताना वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासला होता. रीत तीच.

पण मित्रहो, या सगळ्यांपेक्षा मला जवळचे वाटते ते चंद्रग्रहण. त्यात आपण आपलीच हवा पाहत असतो. पृथ्वीला वातावरण नसते, तर खग्रास स्थितीत चंद्र काळाठिक्कर पडला असता. तो तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेच्या हवेतून सूर्यकिरण वाकून छायेत शिरतात आणि त्यांतला निळा रंग वाटेतच विखुरला जातो. त्या वेळी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू असतात, त्यांचा एकत्रित उजेड चंद्रावर पडलेला असतो. छायेच्या कडेशी कधी कधी फिकट निळसर पट्टा दिसतो. तो ओझोनमुळे, कारण उंचावरचा ओझोन तांबडा रंग शोषतो. साध्या द्विनेत्रीतूनही हे दिसते, मात्र बघणाऱ्याला कुठे बघायचे ते ठाऊक हवे.

1991 मध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने राखेचे आणि गंधकाचे लोट वर फेकले. त्यामुळे डिसेंबर 1992 च्या ग्रहणात चंद्र इतका काळवंडला, की त्याला शोधावे लागले. ग्रहणातला असा काळेपणा मोजायला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी 1921 मध्ये शून्य ते चार अशी श्रेणी दिली. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य, दोन म्हणजे गंजासारखा गडद लाल, चार म्हणजे झळझळीत तांबूस-नारिंगी. तिला उपकरण लागत नाही, नुसता डोळा पुरतो.

आपल्या लहानपणी ग्रहण लागले की गल्लीत ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाक यायची, आणि घरातल्या गरोदर बाईला खोलीत बसवून ठेवायचे. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. नुसत्या व्याख्यानांनी ती जाईल यावर माझा विश्वास नाही. बाई अंगणात येऊन चंद्राचा रंग स्वतः पाहील, वहीत आकडा लिहील, तेव्हा ती भीती जाईल.

31 डिसेंबर 2028 च्या रात्री, दहाच्या सुमारास, खग्रास चंद्रग्रहण आपल्या डोक्यावर असेल. थंडीचे दिवस आहेत, आकाश बहुधा निरभ्र मिळेल. माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे, की आपापल्या तालुक्यातल्या एका तरी शाळेत त्या रात्री मुलांना, त्यांच्या आयांना आणि आज्यांना मैदानात आणा. दाँजाँची श्रेणी मराठीत छापून प्रत्येकाच्या हाती द्या. दर दहा मिनिटांनी रंगाची नोंद घ्या, वेळ आणि ठिकाण लिहा, आणि सगळ्या नोंदी या संमेलनाकडे पाठवा. तयारीला आजपासून लागा.