वाकडे धुराडे आणि न ऐकलेला सल्ला

चिनी भाषेत अनेक जुन्या कथा चार अक्षरांच्या आटोपशीर वाक्प्रचारांत सामावलेल्या असून, अशा वाक्प्रचारांना 'छंग-यू' म्हणतात. 'छू तू शी शिन', म्हणजे 'धुराडे वाकवा, सरपण हलवा', हा त्यांपैकीच एक. संकट येण्यापूर्वीच त्याचे कारण दूर करावे, या अर्थाने तो आज वापरला जातो; पण त्याचा उगम कानाआड केलेल्या सल्ल्यात आहे.

इतिहासकार बान गू याच्या 'हानशू' या हान राजवंशाच्या इतिहासात ही कथा येते. एका घरी आलेल्या पाहुण्याला चुलीचे धुराडे सरळ उभे असल्याचे आणि शेजारीच सरपण रचलेले असल्याचे दिसले. धुराड्याला वळण द्यावे आणि लाकडे दूर ठेवावीत, नाहीतर आग लागेल, असे त्याने सांगितले. यजमान काहीच बोलला नाही. लवकरच घर पेटले आणि शेजाऱ्यांनी धावून येऊन आग विझवली. यजमानाने बैल कापून मेजवानी दिली, ज्यांचे अंग भाजले होते त्यांना मानाच्या जागी बसवले, मात्र पाहुण्याला बोलावणेही धाडले नाही. त्याचे ऐकले असते तर आगही लागली नसती आणि मेजवानीचा खर्चही वाचला असता, असे कुणी सुनावले, तेव्हा कुठे यजमानाचे डोळे उघडले.

ही कथा सम्राट शुआन याला लिहिलेल्या निवेदनात सांगितली गेली. हुओ ग्वांग या प्रबळ मंत्र्याच्या घराण्याकडे सत्ता आणि वैभव यांचा अतिरेक झाला असून त्याला वेळीच आवर घालावा, असे शू फू या माओलिंगच्या रहिवाशाने सम्राटाला तीनदा कळवले होते. त्यावर कृती झाली नाही. इ. स. पू. ६८ मध्ये हुओ ग्वांग वारला आणि दोनच वर्षांत त्याच्या घराण्याचा कट उघडकीस येऊन त्या घराण्याचा उच्छेद झाला. कटाची खबर देणाऱ्यांना सरदारक्या मिळाल्या, शू फू मात्र उपेक्षितच राहिला. निवेदन वाचल्यावर सम्राटाने त्याला रेशमाचे दहा तागे दिले आणि पुढे दरबारी पदही दिले. परंतु या प्रकरणात हजारो कुटुंबे भरडली गेली होती, आणि त्या हानीची भरपाई कोणत्याही सन्मानाने होण्यासारखी नव्हती.

वेळीच मानलेल्या सल्ल्याचा पुरावा मागे उरत नाही, कारण आग लागतच नाही; म्हणूनच सल्ल्याचे मोल परिणामावरून नव्हे, तर त्यामागच्या कारणावरून ठरवावे लागते. पाहुण्याने आणि शू फूने आपापली कारणे स्पष्ट मांडली होती, आणि ती तपासून पाहण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याचीच होती.