पहिली भाषा कोणती शिकावी?



"पायथन शिकू की जावा?" हे विचारण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. मला काय बनवायचं आहे? आणि माझ्याकडे कोणतं मशीन आहे?

वेबसाइट बनवायची असेल तर जावास्क्रिप्ट शिका. १९९५ साली आलेली ही भाषा प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. आकडेवारी किंवा एआयची ओढ असेल तर पायथन घ्या. अँड्रॉइड ॲप करायचं असेल तर कोटलिन. २०१९ पासून गूगलने तिलाच पहिली पसंती दिली आहे. मात्र अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते, हे आधी पाहा.

या तिन्ही भाषा मोफत आहेत. म्हणून अब्बांच्या कमाईतून क्लासची मोठी फी भरण्याआधी महिनाभर घरीच शिकून पाहा. मन रमतंय का, ते कळेल.

घरी उर्दू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असं आपण बोलतोच. इथेही तसंच आहे. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन एका भाषेत नीट समजले की दुसरी भाषा लवकर येते. पण दर दोन महिन्यांनी भाषा बदलणारा पहिल्याच धड्यावर राहतो.

तेव्हा एक भाषा निवडा आणि सहा महिने सोडू नका. मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाची उधारीची वही कॉम्प्युटरवर आणून दाखवा. मुलाखतीत सर्टिफिकेटपेक्षा त्याबद्दल तुम्हाला जास्त बोलता येईल.